सड्यावर पवनचक्की येतेय: विरोध नेमका कुठे करायचा?

पत्र

शाहूवाडी तालुक्यात सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठाराच्या, पायथ्याला आमची साठ उंबऱ्यांची वाडी आहे. वर सड्यावर वर्षभरापूर्वी वारा मोजायचा मनोरा उभा राहिला. आता एक माणूस घरोघर फिरतोय, आठ पवनचक्क्या येणार म्हणतो. सड्याचा काही भाग आमच्या भाऊकीच्या सामाईक गटात आहे, काही गायरान, उरलेलं फॉरेस्ट. माझ्या थोरल्या दिरांनी पाचशेच्या स्टॅम्पवर सही करून पन्नास हजार घेतले. आमचे मालक मुंबईला असतात, त्यांना हे फोनवर कळलं. म्हातारी माणसं म्हणतात पाऊस पळेल, पोरं म्हणतात नोकऱ्या लागतील, आम्हा बायकांना झऱ्याची काळजी आहे. ग्रामसभा लावायचं चाललंय. विरोध करावा का, आणि करायचा तर कसा? बोललं की आम्हाला विकासाचे वैरी म्हणतात.

एक वाचक, शाहूवाडी

उत्तर

ताई,

दिरांनी सही केली म्हणून जमीन गेली, असं नाही. सामाईक गटात एका हिस्सेदाराला फक्त आपल्या अविभक्त हिश्श्यापुरता व्यवहार करता येतो. अमुक कोपरा माझा, तो तुम्हाला दिला, असं वाटप झाल्याशिवाय त्याला म्हणता येत नाही. म्हणून आधी दोन कागद पाहा. पहिला सातबारा. त्यावर तुमच्या मालकांचं नाव आहे का? जुन्या उताऱ्यांवर पुष्कळदा एकट्या थोरल्या भावाचं नाव असतं आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तसं असेल तर सगळ्या भावांची नावं लावून घ्यायचा अर्ज तलाठ्याकडे आजच द्या. पवनचक्कीचं पुढे काहीही झालं तरी हे काम करायचंच आहे. दुसरा कागद दिरांनी सही केलेला. त्याची प्रत मागा. तो इसारपत्र आहे, संमतीपत्र आहे की कुलमुखत्यारपत्र, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मुखत्यारपत्र असेल तर सर्वांत जास्त सावध व्हा, कारण त्याच्या जोरावर तो माणूस पुढचे दस्त दिरांच्या वतीने स्वतःच करू शकतो. कागदात ‘कुटुंबाचा कर्ता या नात्याने’ अशी ओळ असेल तर वकिलाला ती आधी दाखवा.

दस्त नोंदवला गेला का, हे तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, पाहून कळतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही गट नंबर टाकून शोधता येतं. दस्तावरून फेरफार धरला गेला की हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस निघते आणि 15 दिवसांत लेखी हरकत घेता येते. ही नोटीस मुंबईच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि मुदत निघून जाते, हे फार घरांत होतं. म्हणून ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दर आठवड्याला गावाचं नाव टाकून पाहायची सवय एखाद्या शिकलेल्या पोराला लावा. हरकत तोंडी घेऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

वकिलाच्या खर्चाची चिंता वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 प्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज तुमच्या नावाने करा.

आणि दिरांना ग्रामसभेत उभं करून बोलू नका. भाऊकी फुटली की तिऱ्हाइताला एकेकाची सही घेणं सोपं जातं.

आता विरोधाचं. आपल्याकडे सगळ्यांची नजर त्या फिरणाऱ्या पात्यांवर असते. नुकसान मात्र पात्यांच्या आधी, रस्त्याने येतं. आजच्या दोन-तीन मेगावॉटच्या चक्कीचं एक पातं साठ-पासष्ट मीटर लांब असतं आणि ते अखंड येतं. त्याला घाटाच्या वळणावर वळायला जागा लागते. म्हणजे जिथे आज जीप जाते ती पाणंद पाच-सहा मीटर रुंद होते, वळणावर त्याहून कितीतरी जास्त डोंगर कापला जातो आणि चढ कमी ठेवायला रस्ता लांबून फिरवला जातो. निघालेला मुरूम आणि दगड उताराखाली ढकलून देणं सगळ्यांत स्वस्त पडतं, म्हणून तेच केलं जातं. तुमच्या भागात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. सैल टाकलेला तो भराव पहिल्या जोराच्या पावसात ओघळीत उतरतो, ओघळ तुंबते, पाणी वाट बदलतं आणि ती वाट वाडीतून जाते. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडींनी घरं गाडली. तिथे पवनचक्कीचा काही संबंध होता असं आम्ही म्हणत नाही. सह्याद्रीचा उतार भिजल्यावर काय करू शकतो, एवढंच त्यातून घ्यायचं आहे. अशा उताराच्या पायथ्याशी घरं असताना वर कापाकापी करणाऱ्याने आधी नकाशा दाखवलाच पाहिजे.

नकाशात काय बघायचं? रस्ता कोणत्या गटांतून जातो. निघालेली माती कुठे टाकणार, त्या जागेचा गट नंबर. ओघळी जिथे ओलांडणार तिथे प्रत्येक ठिकाणी मोरी आहे का आणि नळ्याचा व्यास किती. डोंगराच्या बाजूला गटार आहे का आणि ते पाणी शेवटी कुठे सोडलंय. हे शेवटचं विसरू नका, कारण गटाराचं तोंड नेमकं कुणाच्या तरी बांधावर उघडतं. जून ते सप्टेंबर खोदकाम पूर्ण बंद, ही अट लेखी हवी.

झऱ्याची तुमची काळजी खरी आहे आणि ती नीट मांडली तर तुमच्या हातातला तोच सगळ्यांत बळकट मुद्दा आहे. सड्यावर वर जांभा असतो. तो स्पंजासारखा सच्छिद्र, पावसाचं पाणी आत घेतो. त्याखाली चिकणमातीचा थर आणि मग काळा पाषाण. पाणी त्या चिकण थरावर अडतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतं. रस्त्याची कापणी त्या थरापर्यंत गेली तर पाणी रस्त्याच्या गटारातच फुटतं आणि खालचा झरा मार्चऐवजी जानेवारीत आटतो. मग कंपनी म्हणते, झरा आधीपासूनच आटत होता. तुमच्याकडे पुरावा नसतो.

म्हणून मोजणी आजपासून. दहा लिटरची बादली, मोबाईलमधलं घड्याळ. दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला, सकाळी बायका पाणी भरायच्या आधी, बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा आणि मधला आकडा वहीत लिहा. समजा 40 सेकंद लागले, तर मिनिटाला 15 लिटर, दिवसाला 21,600 लिटर. साठ घरांत तीनशे माणसं धरली आणि जलजीवनचं माणशी 55 लिटरचं माप लावलं तर गरज 16,500 लिटर. म्हणजे फक्त पाच हजार लिटरची सवड आहे आणि गुरंढोरं अजून मोजलेली नाहीत. असा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवला की ‘गावकऱ्यांच्या भावना’ हा शब्द कुणी वापरत नाही. नोंदीवर प्रत्येक वेळी दोघांची सही, महिन्यातून एकदा सरपंच किंवा ग्रामसेवकाची. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत एक पूर्ण वर्ष हवं. सोबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला अर्ज करून झऱ्याची तपासणी मागा.

पाण्याचा आणखी एक हिशेब कुणी विचारत नाही. एका चक्कीचा पाया साधारण वीस मीटर व्यासाचा आणि चारशे ते सहाशे घनमीटर काँक्रीटचा. घनमीटरला सुमारे 170 लिटर पाणी धरलं तर पाचशे घनमीटरच्या एका पायाला 85,000 लिटर, आठ पायांना जवळजवळ सात लाख लिटर, वर ओलं ठेवायचं पाणी वेगळं. काम चालणार कोरड्या महिन्यांत. हे पाणी कुठून आणणार, हा प्रश्न ग्रामसभेत तुम्हीच विचारा.

मग अंतर आणि आवाज. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये पवन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात राहत्या घरापासून किमान 500 मीटर अंतर सांगितलं आहे. सार्वजनिक रस्ता, इमारत, मोठी वीजवाहिनी यांच्यापासूनचं अंतर काढायचं सूत्र असं: दांड्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक 5 मीटर. दांडा 120 मीटर आणि वर्तुळ 130 मीटरचं असेल तर 120 + 65 + 5, म्हणजे 190 मीटर. धनगरवाड्याची वाट या मापात येते का ते पाहा. त्यासाठी प्रत्येक चक्कीचे अक्षांश-रेखांश लेखी मागायचे आणि मोबाईलच्या नकाशावर घरापासून मोजायचं. ‘सड्यावर कुठेतरी’ हे उत्तर घ्यायचं नाही.

पाचशे मीटर म्हणजे शांतता, असं मात्र धरू नका. मोठ्या चक्कीचा आवाज उगमापाशी 105 डेसिबलच्या आसपास असतो. मोकळ्यावर 500 मीटरवर तो साधारण 40 उरतो. तितक्याच अंतरावर दोन चक्क्या असतील तर 43, चार असतील तर 46. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा 45 आहे. म्हणजे एक चक्की नियमात बसते आणि चार बसत नाहीत. तुमची वाडी कड्याच्या आडोशाला आहे. वर वारा घोंघावत असताना खाली पान हलत नाही, त्यामुळे वाऱ्याच्या आवाजात चक्कीचा आवाज बुडून जाईल हा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही. काम सुरू व्हायच्या आधीच्या रात्रीच्या आवाजाची मोजणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाकडे लेखी मागून ठेवा. सूर्य खाली असताना फिरत्या पात्यांची सावली घरावरून लपलपत जाते, तोही त्रास खरा आहे. जर्मनीत एका घरावर वर्षाला 30 तासांपेक्षा जास्त अशी सावली चालत नाही. चक्की घराच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तरच याची चिंता करा.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण तिच्यावाचून विरोध भलत्या दारात जाऊन उभा राहतो. शक्तिपीठ महामार्गाला आपल्या जिल्ह्यात विरोध झाला तेव्हा समोर सरकारचं भूसंपादन होतं. अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मोजणीला माणसं येतात. पवनचक्कीत तसं काही नसतं. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, म्हणून पर्यावरण मंजुरी नाही आणि जनसुनावणीही नाही. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत ती पांढऱ्या गटात, म्हणजे मंडळाला नुसतं कळवायचं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा जुलै 2024 चा मसुदा आहे. त्यात खाणी, औष्णिक वीज, लाल गटातले उद्योग यांवर बंदीचा प्रस्ताव आहे, पण पवनचक्की त्या यादीत नाही. कंपनी एकेका घराशी खासगी व्यवहार करते आणि तेवढ्यावर तिचं बरंचसं काम होतं. जनसुनावणीची वाट बघत बसलात तर ती येणार नाही.

मग हातात काय उरतं? जमिनीची जात. सड्यावरच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. भोगवटादार वर्ग 2 असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. देवस्थान इनाम असेल तर त्याहून कडक. ‘खासगी वन’ किंवा ‘राखीव वन’ अशी नोंद असेल, तर खातेदाराने सही केली तरी काम तिथेच थांबतं. गायरान असेल तर महसूल संहितेचं कलम 22अ आणि गावाच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंह निकाल, दोन्ही तुमच्या बाजूला आहेत. वनजमिनीतून चक्की राहो, नुसता रस्ता किंवा तारेचा खांब न्यायलाही 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते.

सड्यावर गवळी धनगर पिढ्यानपिढ्या गुरं चारत असतील तर वनहक्क कायदा 2006 खाली सामूहिक चराईचा दावा दाखल झाला आहे का ते विचारा. झाला नसेल तर तो भरा. इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. हे जिकिरीचं काम आहे, जुने चराई पास, शाळेचे दाखले, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करावे लागतात. पण दाखल झालेला सामूहिक दावा असताना वनजमीन वळवणं अवघड होतं, म्हणून कष्ट करण्याजोगं आहे. या कायद्याच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड या परिसरातलं बरंच वनक्षेत्र आता संवर्धन राखीव, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेलं, आहे. तुमचा सडा त्या हद्दीत येतो का, हे परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तर 30 दिवसांत. एकाच अर्जात सगळं कोंबू नका. पुण्याच्या महाऊर्जाला, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेला, प्रकल्पाची नोंदणी आणि चक्क्यांच्या जागा विचारा. तहसीलदारांना बिनशेती, गौण खनिजाचा परवाना आणि झाडतोडीची परवानगी. उपवनसंरक्षकांना वनजमिनीचा प्रस्ताव. रस्त्यासाठी परवान्याशिवाय मुरूम-दगड काढला तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड बसतो. फोटो काढताना मोबाईलचं ठिकाण दाखवणारी सोय चालू ठेवा.

ग्रामसभेची साधी गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. मुंबईकरांना सांगा, फोनवरचं मत धरलं जात नाही, ग्रामसभेच्या दिवशी गावात हवं. आपला जिल्हा पेसाखाली, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली, येत नाही, त्यामुळे खासगी जमिनीवरचा प्रकल्प ठराव करून रद्द करता येत नाही. तरी ठराव लागतो. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पाणंद वापरायची परवानगी, गायरानाबद्दलचं मत, या सगळ्यांचा आधार तोच असतो. फक्त ‘पवनचक्कीस विरोध’ अशी एका ओळीची नोंद करू नका, ती फायलीत पडून राहते. असा ठराव लिहा:

‘गट क्रमांक अमुक ते अमुक येथील प्रस्तावित पवनऊर्जा प्रकल्पाचा चक्कीनिहाय नकाशा, रस्त्याचा आराखडा, माती टाकण्याची जागा, बांधकामाच्या पाण्याचा स्रोत आणि झऱ्यांवरील परिणामाचा अभ्यास ग्रामसभेपुढे येऊन त्यावर चर्चा होईपर्यंत ग्रामपंचायतीने कोणताही ना-हरकत दाखला देऊ नये, पाणंद व गायरान वापरण्यास संमती देऊ नये. घरांपासून 500 मीटरच्या आत आणि झऱ्याच्या वरच्या बाजूच्या गटांत उत्खननास या ग्रामसभेचा विरोध आहे. प्रत तहसीलदार, प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक व महाऊर्जा यांना पाठवावी.’

हे त्याच दिवशी कार्यवृत्तात लिहून घ्या आणि प्रत घेऊनच उठा. आठ दिवसांनी लिहिलेल्या ठरावातले शब्द बदललेले असतात.

म्हाताऱ्या माणसांचा पावसाचा मुद्दा निवेदनात घालू नका. सातारा-सांगलीकडे दुष्काळात हा समज पसरला होता, आणि शेत करपताना समोर चक्की फिरत असेल तर तसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण मान्सूनचं बाष्प कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत भरलेलं असतं. ते सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि पडतं. चक्की जमिनीलगतच्या दोनशे मीटरमधल्या वाऱ्याचा थोडा वेग घेते, आणि काही किलोमीटर पुढे तो वारा पुन्हा सावरतो. ढग अडवण्याची ताकद तिच्यात नाही. निवेदनात ही एक ओळ गेली की अधिकारी तेवढ्यावर बोट ठेवतात आणि झऱ्याचे मोजलेले आकडे न वाचताच कागद बाजूला करतात.

पशुपक्ष्यांचा मुद्दा मात्र नक्की घाला, त्याला जवळच्याच जिल्ह्यातला पुरावा आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. त्यांची भीती गेल्यामुळे सरडे वाढले, आणि त्या सरड्यांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. शिकारी पक्षी गेले की उंदीर-सरड्यांचं गणित बदलतं, आणि सड्याच्या कडेला नाचणी-वरी करणाऱ्याला ते आधी जाणवतं. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच. तिची नोंदवही उघडून सड्यावरची फुलं, डबकी, पक्षी, गव्यांच्या वाटा त्यात लिहा.

पोरांच्या नोकऱ्यांबद्दल. बांधकाम चालू असतं तोवर मजुरी, डंपर, जेवणाचे डबे अशी कामं मिळतात. ते संपल्यावर उरतात पहारेकरी आणि थोडे तंत्रज्ञ. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनला संधी असते, बाकीच्यांना नाही. वीज 33 केव्हीच्या तारेने उपकेंद्रात जाते, वाडीत फुकट येत नाही. हे पोरांना आत्ताच कळलेलं बरं.

विकासाचे वैरी म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं असेल तर हे द्या. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर सुरुवातीच्या काळात साडेतीनशे किलोवॉटच्या चक्क्या लागल्या. आजची तीन मेगावॉटची एक चक्की तसल्या आठ-नऊ चक्क्यांच्या क्षमतेची आहे. जिथे रस्ते कापून झालेत, तारा गेल्यात, तिथल्या म्हाताऱ्या चक्क्या काढून नव्या लावायचं केंद्राचं धोरण डिसेंबर 2023 मध्ये आलं आहे. आधी ती पठारं पूर्ण वापरा, मग न फोडलेल्या सड्याकडे या, ही मागणी विजेच्या विरोधात जात नाही. आम्हाला पवनऊर्जा हवी आहे. कोळसा जाळण्यापेक्षा वारा वापरणं चांगलंच, आणि म्हणूनच ती चुकीच्या कड्यावर उभी राहून बदनाम होऊ नये असं वाटतं.

भाऊकीतल्या कुणाला जमीन द्यायचीच असेल तर त्याला अडवू नका, कागद वाचायला बसा. विकण्यापेक्षा भाडेपट्टा बरा, आणि वर्षाच्या वरचा पट्टा नोंदवावाच लागतो. भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल ते आकड्यात लिहा, ‘परस्पर संमतीने’ असं नको. मुदत संपल्यावर दांडा, पाती आणि जमिनीखाली किमान एक मीटरपर्यंतचा पाया काढून माती पसरून देण्याची अट, आणि तिच्यासाठी बँक गॅरंटी. ही नसेल तर पंचवीस वर्षांनी कंपनी बंद पडलेली असते आणि काँक्रीट तुमच्या नातवाच्या रानात राहतं. फायबरची पाती भंगारवालाही घेत नाही. चराई आणि पायवाट खुली राहील ही ओळ हवी. जमीन बँकेला तारण देणार का, कंपनी विकली गेली तर करार कुणावर, वाद झाला तर कोर्ट कोल्हापूर जिल्ह्यातलं, हेही लिहून घ्या. तारांच्या मनोऱ्यांसाठी केंद्राच्या जून 2024 च्या सूचनांत पायाच्या जमिनीला बाजारभावाच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला सांगितला आहे, पण तो 66 केव्ही आणि वरच्या वाहिन्यांसाठी. राज्याचा कोणता निर्णय आज लागू आहे ते प्रांत कार्यालयात विचारा. 33 केव्हीच्या खांबांचा दर तुम्हालाच करारात ठरवावा लागेल.

गाड्या अडवू नका. बेकायदा जमाव आणि वाट अडवल्याचे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली लागतात, आणि पोरांच्या पोलीस पडताळणीत ते वर्षानुवर्षं निघत राहतात. आंदोलनाच्या नावाने कंपनीकडून कुणी पैसे घेत असेल तर त्याच्यापासून लगेच लांब व्हा. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून तो झाला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. गावाचं जे काही बोलणं होईल ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, चार माणसांत आणि लेखी. वनजमिनीत परवान्याविना खोदाई दिसली तर पुण्याच्या हरित लवादाकडे जाता येतं. मुदत कारण घडल्यापासून सहा महिने, म्हणून पहिल्या जेसीबीची तारीख वहीत हवी. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच बसतं.

आणि तो वारा मोजायचा मनोरा. तो वर्षभर उभा आहे, पण कोणत्या गटात, हे तुमच्या पत्रात नाही. सर्वांत आधी त्याच्या पायथ्याशी जाऊन मोबाईलवर अक्षांश-रेखांश घ्या आणि गट नकाशाशी जुळवा. तो गायरानात किंवा फॉरेस्टमध्ये निघाला, तर तिथे कुणाच्या परवानगीने उभा केला हा माहिती अधिकाराचा पहिला अर्ज. झऱ्याची पहिली बादली येत्या 1 तारखेला.